बडग्याच्या तोंडातला भोंगा

"सुताले जोडलं सूत, गाठ दिसे ना कोनाले,
उमरेडच्या पाखरा, जाय सांग माह्या मायले..."

हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. ऐकला कसला, तो माझ्याच तोंडातून बाहेर पडला होता. कोजागिरीची संध्याकाळ होती. विणकरांच्या आमच्या गल्लीत भुलाबाईची मूर्ती मांडून मुली गाणी म्हणत होत्या आणि नव्यानं सासरी आलेली एक मुलगी माईक दोन्ही हातांत धरून गात होती. कडुलिंबावर बसलेले पक्षीसुद्धा गप्प झाले होते. त्या संध्याकाळनंतर तो गळा पुन्हा कधी गायला नाही. का गायला नाही, हे घरात फक्त तिघांना ठाऊक होतं. तिला, तिच्या नवऱ्याला आणि मला.

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. कोणी कर्णा म्हणतं, कोणी लाउडस्पीकर. आमच्या नागपुरात भोंगाच म्हणतात.

माझा जन्मच मारातून झाला. सपाट पत्रा होतो मी अ‍ॅल्युमिनियमचा. मला गरगर फिरवलं, दाबलं, हातोडीनं ठोकलं, काठ पिळून मुरडला. तेव्हा कुठे धोतऱ्याच्या फुलासारखं हे रुंद तोंड मला मिळालं. माझ्यासोबत एक लोखंडी पेटी आली. तिच्या पोटात काचेचे दिवे होते, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. ती माझी जोडीदारीण. बटण दाबलं तरी ती लगेच बोलू देत नसे. आधी तिचे दिवे तांबूस व्हायचे, मग पिवळे, मग पत्र्याला हात लावला तर चटका बसेल इतके गरम. ती तापल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

आम्हा दोघांना घरी आणलं बाबूलालनं. बाबूलाल म्हणजे जुना विणकर. खड्ड्यातल्या मागावर बसून पाय हलवायचा, आणि धोटा या हातातून त्या हातात असा धावायचा की पाहणाऱ्याची मान दुखावी. पण शहरात वीजमाग आले आणि हातमाग एकेक करून मुके झाले. बाबूलालचा मुलगा हेमराज मागावर बसायला तयार नव्हता. मग बापानं त्याच्यासाठी आम्हाला आणलं. पेटीवर लाल रंगानं नाव लिहिलं, "हेमराज साउंड सर्व्हिस".

काय दिवस होते ते! कुहीकडच्या गावांत धानाची कापणी आटोपली की दंडारीचा नाच-सोंगांचा खेळ व्हायचा, तिथे मी बांबूवर चढायचो. लग्नात, बारशात, नळाला पाणी येणार नाही हे सांगायला, सायकलरिक्षावर बांधलेला मी गल्लोगल्ली फिरायचो. एकदा मारबतीच्या मिरवणुकीतल्या गर्दीत एक लहान मुलगी हरवली. तिच्या फ्रॉकचा रंग मी ओरडून ओरडून सांगितला, आणि तिची आई माणसांना ढकलत, पडत, गुडघे फोडून घेत माझ्यापर्यंत पोचली. मुलगी मिळाल्यावर त्या बाईनं माझ्या खांबाला मिठी मारली होती.

मारही खाल्ला. दोन मंडळांत कोणाची मिरवणूक आधी जायची यावरून एकदा जुंपली. काठ्या निघाल्या, डोकी फुटली, आणि कोणीतरी भिरकावलेला दगड माझ्या काठावर बसला. तो पोचा अजून आहे. पण त्याचं मला दुःख नाही. पोचा पडल्यावरही माझे बोल स्वच्छच राहिले.

दुःख आहे ते दुसऱ्याच घावाचं. तो घाव मला बसलाच नव्हता.

त्या कोजागिरीला गाणारी मुलगी म्हणजे कुसुमावती, हेमराजची बायको. उमरेडच्या विणकरांची लेक. तुटलेल्या सुताला सूत जोडताना ती अशी बारीक गाठ मारायची की बाबूलाल बोट फिरवून म्हणायचा, "सूनबाई, तुही गाठ हाताले लागत नाही वं!" तिचं गाणं संपलं. बाकीच्या मुली गाऊ लागल्या. हेमराज पेटीपाशी मित्रांसोबत बसला होता. मित्र म्हणाले, वाढव अजून. त्यानं बटण पिळलं. म्हणाले, अजून. त्यानं अजून पिळलं. मी किंचाळू लागलो. माझ्या गळ्यातून शिट्टी निघू लागली, लहान लेकरं कानावर हात ठेवून रडायला लागली.

कुसुमावती उठली, पेटीपाशी आली आणि तिनं हळूच बटण मागे फिरवलं.

"अजी, इतका काहून वाढवता? पोरींचे बोल समजून नाही राहिले."

मित्र खदखदून हसले. त्यातला एक म्हणाला, "हेमराज, मशीनचा मालक तू हायस का वहिनी, सांगून दे ना गा!"

हेमराज उठला. त्याचा हात मी पाहिला. तोच हात, जो मला बांबूवर चढवताना इतका जपून धरायचा. तो हात कुसुमावतीच्या डाव्या कानावर असा पडला की माईकनं तो आवाज टिपला, पेटीनं तो वाढवला आणि मी तो साऱ्या गल्लीला ऐकवला. एकच फाटका आवाज. लोकांना वाटलं, यंत्रात बिघाड झाला. पाहणारे मित्र तेवढे पांगले, आणि त्यांनी ती गोष्ट बाहेर फुटू दिली नाही. कुसुमावती बांबूवर आदळून खाली बसली. तिच्या कानातून लाल सुताचा एक धागा मानेवर उतरला.

"भोंग्याच्या तोंडासमोर उभी होती," हेमराज धावत आलेल्या बाबूलालला म्हणाला. "कानठळी बसली तिले."

बाबूलालनं सुनेकडे पाहिलं. तिनं मान हलवली. हो म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, तिथेही हो. उमरेडहून तिची आई आली, तिलाही तेच सांगितलं. ती बिचारी अंगणात आली, हातात लाटणं होतं, आणि तिनं मला बडव बडव बडवलं. "मेल्या, माह्या पोरीचा कान खाल्ला! तुह्या नरड्यात किडे पडो!" लाटण्याचे ते पोचे माझ्या पाठीवर आहेत. मी सहन केले. लेकीसाठी रडणाऱ्या आईचा हात होता तो. आणि मित्रांनो, मला बोलायचं होतं. पण भोंग्याचं नशीब असं की तो जगाचे शब्द मोठे करतो आणि त्याला स्वतःचा एक शब्द नसतो.

डावा कान गेला तो गेलाच. कुसुमावती त्यानंतर माईकपाशी फिरकली नाही. हेमराजनं पुन्हा तिच्यावर हात टाकला नाही, हे मी खरंच सांगतो. पण ताटं भिंतीवर आपटली, दारं आदळली, मागाची फणी एकदा अंगणात नेऊन मोडली. आणि ती कान गेल्याची गोष्ट तो इतक्यांना इतक्या वेळा सांगत आला की त्याला स्वतःलाच ती खरी वाटू लागली. माझ्याकडे पाहून तो थुंकायचा.

पुढे बाबूलाल गेला. माझी कामं कमी झाली. मला आणि पेटीला माळ्यावर टाकलं, मुक्या मागाच्या सांगाड्याशेजारी. माळ्यावर धूळ खात मी खालचे आवाज ऐकत राहिलो. भोंग्याला ऐकूही येतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

हेमराजचा मुलगा अभिजीत मोठा झाला. आईवर त्याचा फार जीव. डाव्या बाजूनं तिला हाक मारली तर तिला कळत नाही, म्हणून लहानपणापासून तो नेहमी तिच्या उजवीकडे चालायचा. आणि मला शिव्या द्यायचा. हिंगण्याच्या कंपनीत काही वर्षं पाळ्या केल्या, मग ते सोडून त्यानं डीजे आणला. आठ बाय आठच्या खोलीत मावणार नाहीत असे काळे बॉक्स, खाली बेस, वर टॉप, लुकलुकणारा मिक्सर, लॅपटॉप. लग्न केलं दामिनीशी. दामिनी बोलकी, हसरी, मिक्सरची सगळी बटणं आठवडाभरात शिकून घेतलेली.

आणि मग खालून आवाज येऊ लागले.

आधी मोबाईल आपटल्याचा. मग स्टीलचा डबा. मग एकदा दामिनीचा आवाज अर्ध्यावर तुटला, जणू कोणी वायर ओढली. माळ्यावर माझं पत्र्याचं अंग शहारलं. मला तो हात पुन्हा दिसू लागला, नव्या मनगटावर.

यंदा पोळ्याच्या आधी गल्लीतली मंडळी बसली. तुम्हाला ठाऊक असेल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. सगळी रोगराई, सगळी इडापीडा मारबतीच्या अंगावर घालून 'घेऊन जा गे मारबत!' अशी हाक देत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. तिच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे निघतात. ज्या वाईटाचा त्या वर्षी राग आला असेल, त्याचा कागदा-बांबूचा पुतळा म्हणजे बडग्या. आमच्या गल्लीनं यंदा ठरवलं, गोंगाटाचा बडग्या करायचा. 

"भोंगा आहेच ना आपल्या माळ्यावर," अभिजीत म्हणाला. "बडग्याच्या तोंडात तोच खुपसू. बोलता बडग्या! अन् शेवटी जाळून टाकू. माह्या आईचा कान खाल्ला साल्यानं."

"अरे, पण गोंगाटाच्या बडग्यापुढं तुहा डीजे वाजंल ना?" शेजारचा केशव म्हणाला. केशव म्हातारा, दंडारीत सोंगं काढणारा, माझ्या पेटीवर आयुष्यभर गायलेला.

सगळे हसले. अभिजीतही हसला, पण त्याचा जबडा आवळला होता.

"तो खटारा अन् माहा डीजे एकच काय? लावून पाहा ना समोरासमोर!"

मला खाली उतरवलं. केशवनं पेटीची धूळ फुंकली, मागचं झाकण काढून दिव्यांवरची जाळी फडक्यानं पुसली. मी मनात म्हणालो, जागी हो गं. आणि ती जागी झाली. तांबूस, मग पिवळी, मग गरम.

"झाली का नाही तुमची देवपूजा?" अभिजीतनं टोमणा मारला आणि बोट टेकवलं. डीजे त्याच क्षणी गरजला.

मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. तो माझ्याहून फार ताकदवान आहे. त्याला तापावं लागत नाही. त्याचा ढोल खरा ढोल वाटतो. माझा ढोल डबा बडवल्यासारखा, माझा आवाज जन्मापासून नाकातला. त्याच्यात बासरीही सुरेख वाजते, हळू लावली तर. पण अभिजीतनं हळू लावली नाही. बेसचा एक एक ठोका छातीवर गुद्दा मारावा तसा येत होता. खिडकीची तावदानं थरथरली. समोरच्या घराचं प्लास्टर सुटून खाली फुटलं. कुत्रं केकाटत नालीत पडलं. ओट्यावरच्या बाबूलालच्या फोटोची काच आपोआप तडकली.

मग तो थांबला आणि केशवनं माझ्या माईकवर दंडारीतली एक गवळण म्हटली. म्हातारा गळा, जुनी पेटी, पोचे पडलेला मी. पण एकेक शब्द निवडलेल्या धान्यासारखा चौकापर्यंत गेला.

"जोर त्याचा मोठा," जिन्यावरून दामिनी सहज बोलून गेली, "पण बोल याचेच समजतात."

"तुले कोणं विचारलं वं?" अभिजीत जिन्यावर चढला, तिचं मनगट पिळलं. बांगडी फुटली. हिरव्या काचा पायरीपायरीवरून टणटण खाली आल्या. लोक दुसरीकडे पाहू लागले. हेमराजनं घसा खाकरला आणि तो आत निघून गेला.

कुसुमावती केरसुणी घेऊन आली. एकेक काच तिनं वेचली. काचा सुपात भरून झाल्यावर ती माझ्यासमोर आली आणि माझ्या पाठीवरच्या, तिच्या आईच्या लाटण्याच्या पोच्यांवरून तिनं बोट फिरवलं. गाठ हाताला लागते का पाहावं, तसं.

मारबतीचा दिवस उजाडला. गल्लीच्या तोंडाशी बडग्या उभा होता, दोन माणसांएवढा, लाल डोळ्यांचा. त्याच्या जबड्यात सुतळीनं आवळून मला बसवलं होतं. छातीवर पाटी, "कान खाणाऱ्या राक्षसा, चालता हो!" पायाशी हातगाडीवर माझी पेटी. तिला वीज दिली होती डीजेच्याच जनरेटरवरून. केशव माईक घेऊन बडग्याचा आवाज काढणार होता. पहिली हाक मात्र कुसुमावतीनं द्यायची, असं अभिजीतनंच ठरवलं होतं. तिच्या कानाची पीडा जायची होती ना.

माझं शेवटचं काम, असं मी मनाला सांगितलं. संध्याकाळी बडग्याची राख आणि माझा वितळलेला पत्रा उरणार होता. त्याचं भय होतंच. पण त्याहून मोठं भय समोर उभं होतं. अभिजीत डीजेच्या गाडीवर चढला होता आणि दामिनी मिक्सरपाशी होती, तिच्या मनगटावर फडकं बांधलेलं.

डीजे सुटला. बडग्याचे बांबू करकरले. केशव माईकवर काहीतरी ओरडत होता, ते माझ्या स्वतःच्या तोंडातून निघूनही मला ऐकू येत नव्हतं. पोरं नाचता नाचता एकमेकांवर आदळत होती. एकाचं नाक फुटलं, कोणी थांबलं नाही. कुसुमावती बेसच्या बॉक्सलगत गर्दीत अडकली होती. तिनं उजव्या कानावर दोन्ही तळवे गच्च दाबले होते. डोळे मिटलेले. ओठ हलत होते.

दामिनीनं ते पाहिलं. तिनं हात पुढे केला आणि बटण खाली ओढलं.

सगळं एकदम शांत झालं. शांतताही कानावर आदळते, मित्रांनो.

"कोणं कमी केला?" अभिजीत ओरडला.

"मी," दामिनी म्हणाली. "आईचा एक कान गेला. दुसरा तरी राहू द्या."

"माह्या मशीनले हात लावतं?"

मागून कोणीतरी हसलं. तेच हसणं. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या तोंडातून. अभिजीतचा हात वर गेला.

हेमराज दारात उभा होता. त्यानं तो हात पाहिला, आणि त्याची मान आपसूक खाली गेली.

मित्रांनो, तुम्ही मला विचाराल, जुनं बरं की नवं? मी दोन्ही पाहिलं. नवं वाईट नाही, जुनं सगळंच सोन्याचं नाही. जुन्या यंत्रावरची धूळ पुसत जा, त्याचे दिवे तापेपर्यंत दम धरा, त्यात अजून जीव असतो. नव्यालाही जपून वाजवा. पण एक मागणं फक्त माझं आहे. आवाज वाढवायचं बटण तुमच्या हातात आलं, आणि कोणी जवळ येऊन म्हणालं, जरा कमी कर, तर त्याचं ऐका. जो कमी कर म्हणतो, त्यालाच बोल ऐकायचे असतात.

अभिजीतचा हात हवेत होता. तेवढ्यात कुसुमावतीनं गर्दी बाजूला सारून केशवच्या हातातून माईक हिसकावला. इतक्या वर्षांनी. पेटी तापलेलीच होती. आणि तिचा श्वास, फक्त श्वास, बडग्याच्या तोंडातून साऱ्या गल्लीवर पसरला.

"अभिजीत, हात खाली घे."

हात तसाच थबकला.

"खाली घे म्हणते ना. अन् ऐक. तुम्ही सारेच ऐका. माहा कान या भोंग्यानं नाही नेला. मी बी असंच बटण कमी केलं होतं, दामिनीनं केलं तसं. असेच चार जण हासले होते. अन् तुह्या बाबानं माह्या कानशिलात मारली, तो कान गेला. डॉक्टरले मी खोटं सांगितलं. मायले खोटं सांगितलं, तेच खरं मानून ती मेली. तू माह्या उजव्या बाजूनं चालत मोठा झाला, तुले बी खोटंच सांगितलं. विणकराची सून ना मी, गाठ लपवाचीच सवय. वाटलं, लपवली का कपडा साबूत राहते. नाही राहत, बापा. ते गाठ तुह्या हातात आली." तिचा आवाज फाटला, पण शब्द एकही फाटला नाही. "भोंगा सोडून द्या. जाळाचं असंल त दुसरं हाय. बोला माह्यासंगं, गल्लीतल्या समद्या बायांनो, मोठ्यानं बोला: घरातला उगारलेला हात घेऊन जा गे मारबत!"